स्टूल कशात धरायचं

शिरोली एमआयडीसीतल्या आमच्या फौंड्रीत
कोअर शॉपला खिडक्या चार, उघडतात दोन.
वाळूत रेझिन पडलं की जो वास उठतो
तो पहिल्या वर्षी घरच्या भाकरीलाही येतो.
मग नाक सोडून देतं.

यास्मिन मुजावरचं नाक परत बोलायला लागलं
श्रावणात.
चहाच्या सुट्टीत, कप तसाच ठेवून म्हणाली,
"आक्का, वास सोसंना झालाय."
तीन लेकरांची आई मी, आणि एका न आलेल्याची.
मला पुढचं विचारावं लागलं नाही.

ते न आलेलं
ह्याच तिसऱ्या बाकड्याशी राहिलं.
कुणी विचारलं नव्हतं, मीही सांगितलं नव्हतं.
दुपारनंतर घरी गेले
म्हणून अर्ध्या दिवसाचा पगार कापला,
आणि मला तो हिशेब तेव्हा बरोबरच वाटला.

दुसऱ्या दिवशी एक कोअर उचलला,
डिस्पॅचच्या काट्यावर ठेवला.
साडेअकरा किलो.
मॅनेजरांच्या टेबलावर चिठ्ठी सरकवली:
साडेअकरा, गुणिले पाळीला एकशेचाळीस.
त्यांनी मोबाइलवर गुणाकार केला,
मग परत केला.
सोळाशे दहा.
"दीड टनाच्या वर जातंय की," म्हणाले,
जणू काटा आजच बसवलाय.

"हलकं काम देऊ."
हलकं काम म्हणजे फुटलेले कोअर मोजायचे,
आठ तास, उभ्यानं.
मी म्हटलं, "साहेब, स्टूल लागंल."
स्टोअरचे चौगुले पेन थांबवून बसले:
"स्टूल कशात धरायचं? फर्निचरचं बजेट संपलंय."
"सेफ्टीत धरा," म्हटलं, "हेल्मेटच्या खालच्या ओळीत."
त्यांनी माझ्याकडं बघितलं, ओळीकडं बघितलं,
आणि लिहिलं.
नऊ दिवसांनी आलं. एक पाय आखूड.
पॅटर्न शॉपच्या दत्तूनं सागवानी ढलपी ठोकून दिली.

तिला दारापाशी बसवलं, लेबलं लावायला.
दिवाळीनंतर वारा फिरला
की कुठल्याशा गुऱ्हाळाचा वास यायचा.
तो चालायचा तिला.
डोळे मिटून घ्यायची,
हात लेबलं लावत राहायचे.

सव्वीस आठवडे. मग परत आली,
आणि अकरा वाजले की ओढणी घट्ट धरून
संडासाकडं चालायला लागली.
तिसऱ्या दिवशी कळलं, पिळून बेसिनमध्ये टाकते.
दूध.
मला खाली बसावं लागलं. त्याच स्टुलावर.

लॅबमध्ये फ्रीज आहे,
मागं जुन्या रजिस्टरांची एक खोली.
लॅबचा प्रमोद घुणके, बिनलग्नाचा, लाजाळू,
दोन दिवस नुसता मान हलवत राहिला.
मग केमिकलच्या बाटल्या दुसरीकडं नेल्या,
फ्रीज सोड्यानं तीनदा पुसला,
खोलीला आतून कडी बसवली.
पण त्याच्या लॅबमध्ये लिहिल्याशिवाय काही ठेवता येत नाही.
म्हणून डबीवर मार्करनं लिहिलं,
ओतकामाच्या नमुन्यावर लिहितो तसं:
मुजावर. ११.४०.
आणि खाली, बराच विचार करून:
तपासणीसाठी नाही.

संध्याकाळी ती डबी रुमालात गुंडाळून
वडणग्याच्या गाडीत बसते.

हे सगळं कायम कामगारांचं.
फेटलिंगला ठेकेदाराच्या बाया आहेत,
त्यांची नावं आमच्या रजिस्टरात येत नाहीत.
काल त्यातली एक पोर स्टुलावर टेकली होती,
एक हात कमरेवर.
मला बघून ताडकन उठली.
नाव विचारलं, तर ठेकेदाराचं सांगितलं.
"बस," म्हटलं.
बसली नाही.
पदरानं स्टूल पुसलं
आणि होतं तसं भिंतीला लावून ठेवलं.

उद्याचं मागणीपत्र मी आजच भरलंय.
हेल्मेटच्या खालच्या ओळीत:
स्टूल. नग पाच.