वार

किल्ली परत द्यायची, एवढंच ठरवून निघाले होते.
कीथली, शनिवार, सकाळचे नऊ.
चॅपलच्या तळघराला
ओल्या लोकरीचा वास.

चार वर्षांपूर्वी ग्लेनिसनं आणि मी
इथं दोन टेबलं मांडली, तेव्हा सगळं सोपं होतं:
ज्याच्याकडे कापड पडून आहे त्यानं आणावं,
ज्याला शिवायचंय त्यानं न्यावं, पैसे नाहीत.
बोहारीण, पण भांड्यांशिवाय, असं मी तिला म्हटलं,
मग बोहारीण म्हणजे कोण हे सांगण्यात
एक अख्खी किटली संपली.
आमच्याकडे यार्डाला वार म्हणतात, हेही सांगितलं.
तिला ते फार आवडलं.
कागदाच्या पट्ट्यांवर ती 'वार' लिहायला शिकली,
र नेहमी उलटा.

आता ग्लेनिस लेकीकडे, स्कारबरोला.
शगुफ्ताच्या खुब्याचं ऑपरेशन.
आणि लोक, खरं सांगायचं तर, कापड देत नाहीत,
अडगळ देतात.
सिगारेटच्या धुरात पिकलेले पडदे,
कुत्र्याच्या केसांसकट सोफ्याची खोळ,
एकदा एकच पायमोजा, धुऊन, इस्त्री करून.
मी घरी नेते, भिजवते, वाळवते, घड्या घालते,
आणि न्यायला आलेली बाई म्हणते,
फुलाफुलांचं नको होतं, साधं नाही का?
गेल्या महिन्यात अकरा पोती.
नवरा म्हणाला, लष्कराच्या भाकऱ्या.
म्हणाला, आणि पोती त्यानंच उचलली.

दाराशी एक पिशवी होती.
वर टाचणीनं टोचलेली चिठ्ठी, इंग्रजीत:
तीन नेलं होतं, उरलेलं परत. सेलाम.
तीनच्या पुढे, चित्र काढावं तसं जपून काढलेलं,
'वार'.
र उलटा.

मी कोटही न काढता कापड उलगडलं.
पिवळं सुती. पसरलं तर भोकंच भोकं.
आधी रागच आला.
मग दिसलं: ही पाठ गेली.
ही बाही. ही दुसरी,
काटकसरीनं पहिलीच्या कुशीत उलटी मांडलेली,
उभा धागा धरून, जसा धरायला हवा तसा.
मुंढा संत्र्याएवढा.

मार्चमध्ये आली होती ती, मोठ्या कोटात,
कोणाकडे न बघता बोटांनी कापड चाचपत.
मला काहीच कळलं नव्हतं.

आणि कडेला एक चौकोन,
काडेपेटीहून जरासा मोठा. खिसा.
ज्याची मूठ अजून उघडत नाही
त्याला खिसा.

वरून मिस्टर थ्वेट आले,
म्हणाले, मग, काय ठरलं?
मी म्हटलं, त्या खिडकीची काच बसवून घ्या,
पोती ओली होतात.
ते माझ्याकडे बघत राहिले.
मी नवी पट्टी घेतली, लिहिलं:
पिवळं सुती, सव्वा वार, भोकांसकट.
र काढताना हात जरा अडखळला.

मग कोट काढला, खुंटीला लावला,
अकरातलं पहिलं पोतं उघडलं.
पुन्हा पडदे.