मीठपाणी

पहिल्यांदा कान. इतवारीतला सोनार,
आईच्या मांडीत दाबून धरलेलं डोकं
आणि मुठीत लाच म्हणून संत्र्याची गोळी.
मग नाक. लग्न ठरल्यावर, सासरच्यांना चमकी हवी म्हणून.
मग गेल्या दिवाळीआधी, रामदासपेठेच्या दवाखान्यात,
डाव्या छातीतल्या गाठीत शिरलेली लांब सुई,
स्टेपलरसारखी खटकन वाजणारी.
रिपोर्ट चांगला आला. पेढे वाटून सगळे मोकळे झाले.
मी मात्र कितीतरी महिने
त्या बाजूला साबण लावताना
नळाकडे पाहायचे.

सोनारानंच कान टोचावेत म्हणतात.
माझ्या सोनाराचं नाव रुक्मांगी हेडाऊ,
वय सव्वीस, गोकुळपेठेत जिन्यावरची खोली,
खाली झेरॉक्सचं दुकान.
आधी तिनं परत पाठवलं: "डॉक्टरांना विचारून या."
विचारून आले. मग आधार कार्ड मागितलं,
बेचाळीस वर्षांच्या बाईला!
काळे हातमोजे. पाकीट माझ्यासमोर फाडलं.
स्तनाग्राच्या दोन बाजूंना दोन ठिपके काढले,
हातात आरसा दिला,
"सरळ आहेत का? तुम्ही सांगा."
सुई हातात घेतलेलं माणूस
मला विचारतंय, हे पहिल्यांदाच.
मी एक ठिपका पुसायला लावला.
उगाच. तो बरोबरच होता.

दुखलं. खोटं कशाला बोलू.
तर्रीचा भुरका चुकून नाकात जावा तसं,
डोळ्यांत पाणी, कानशिलं लाल,
आणि त्याच्या मागोमाग फिस्सकन हसू.
टायटेनियमची दांडी, टोकांना दोन मणी
ज्वारीच्या दाण्याएवढे.
"मे महिन्यातच काहून सुचलं बाप्पा तुम्हाले?" रुक्मांगी म्हणाली,
"घामानं जीव जाईन."

कागदावर तिचं गिचमीड अक्षर.
उकळून गार केलेलं कपभर पाणी, पाव चमचा मीठ,
दिवसातून दोनदा. पुसायला टॉवेल नाही,
धागा अडकतो.
हळद नाही. डेटॉल नाही. खोबरेल तर नाहीच नाही.
(माहेरचा अख्खा दवाखाना
एका ओळीत बंद.)
दांडी फिरवायची नाही. खपली नखानं काढायची नाही,
पिवळसर पाणी सुकलं तर घाबरू नका,
हिरवं दिसलं तर फोन करा, रात्री एकलाही.

प्रफुल्ल म्हणाला, "मला विचारलं नाहीस."
म्हटलं, "तुला कुठं टोचायचं होतं?"
दोन दिवस घरात फक्त कूलर बोलला.
तिसऱ्या दिवशी ओट्यावर झाकलेला कप,
बाजूला मिठाची बरणी आणि
पाव चमचा, घासून लखलखीत केलेला.
महावितरणातला माणूस. मोजमापात चूक नाही.

नवतपा. पारा शेहेचाळीसवर.
पालथी झोपणारी मी, उताणी,
वाळ्याच्या ओल्या वासात छताकडे बघत.
ओढणी अडकली की ठणका थेट टाळूत.
ऑफिसात फायली छातीशी धरायची सवय
एका सकाळीत सुटली.
आणि दिवसातून दोनदा, दार लावून,
कोमट पाण्यात भिजवलेली गॉजची घडी
पाच मिनिटं तिथं धरून बसायचं.
पाच मिनिटं लांब असतात.
नळाकडे किती वेळ पाहणार?
एक दिवस खाली पाहिलं.
सुईचा जुना वण होता, तिळाएवढा,
इतका छोटा?
त्याच्या शेजारी लाल, सुजलेलं, चकाकणारं
माझं.

दिवाळीआधी वर्षाची तपासणी.
सोनोग्राफीच्या बाईंनी जेल लावलं,
थबकल्या. "अरे, हे काय?"
"जपून," मी म्हणाले, "आतून अजून भरलं नाही.
त्या कडेनं फिरवा."
त्यांनी माझ्याकडे पाहिलं,
मग त्या कडेनं फिरवलं.