प्रश्न चौदा

वाळपईपुढे बस संपते, मग चालायचं.
एप्रिल. बोंडवांचा आंबूस वास
प्रश्नावलीच्या पानांनाही लागलेला.

प्रश्न चौदा: माकडतापाच्या गोचिडीसाठी दिलेलं तेल
आपण अंगाला का लावत नाही?
पर्याय: माहीत नाही. मिळत नाही. विश्वास नाही.

सुकांती वेळीप वाकलेलीच राहिली,
काठीच्या टोकाला खिळा, खिळ्याला बोंडू.
“मिळतं गो बाय. घरात तीन बाटल्या आहेत.
पण हाताचा वास बोंडवाला लागतो,
बोंडवाचा हुर्राकाला.
भाटीवाला टोपली हुंगतो नि तशीच परत देतो.
ताप येईल न येईल,
टोपली परत आली की आलीच.”

मी ‘अन्य’वर खूण केली.
त्या आठवड्यात एकतीस ‘अन्य’.

बांबोळीला कोरेया मॅडम चष्मा पुसत म्हणाल्या,
अन्य एवढे झाले की तक्ता लंगडतो.
‘जागृतीचा अभाव’मध्ये घाल ते,
धोरणाला तेवढंच वाचता येतं.
त्या वाईट नाहीत. त्यांनी मला चहाही दिला.

रात्री होस्टेलवर घालायला बसले.
एक घातलं. दोन. सहा.
सातवं सुकांतीचं.

निघताना तिनं पिशवीत दोन बोंडू टाकले होते,
ते फुटून संमतीपत्रावर उतरले,
तिच्या अंगठ्याच्या शेजारी तपकिरी डाग.
काजूचा डाग जात नाही,
हे शिकायला मला एम.ए.ला यावं लागलं नाही.

सहा परत काढले.
छापील तीन पर्यायांखाली
पेनानं चौथा लिहिला:
भाटीवाला हुंगतो.