सव्वाअकरा आटे

तक्त्यात सात रकाने होते.
नाव, साल, शैली, बांधकाम, मालकी,
सद्यःस्थिती, वापर.

टाऊन हॉल एका सकाळीत उरकला.
थोरल्या दवाखान्याला दोन दिवस गेले,
कारण प्रत्येक कमानीखाली कुणीतरी डबा घेऊन बसलेलं,
आणि फोटोसाठी उठा म्हणायचं धाडस मला होईना.

पेठेतल्या जुन्या टाकीपाशी मात्र पेन अडलं.
काळा दगड. माथ्यावर पिंपळाची दोन पोरं.
दाराला कुलूप, कुलपाशेजारी
बाबालाल शिकलगार, चावीवाला,
रिटायर होऊन सहा वर्षं झाली तरी
पहाटेच येऊन बसलेला.

"भिताडाला काय इचारतासा, बाई?
ते मुकं हाय. हितं कान लावा."

बिडाच्या नळाला कान लावला.
गार. गंजाचा वास.
आत, लांबच्या कुठल्यातरी खोलीत
कुणी वाकळ ओढत नेत होतं.

"कळंब्याचं हाय. उताराचं.
मोटर न्हाई, लाईट न्हाई,
आपल्या पायानं चालत येतंय."

मग त्यानं मला गाव सांगितलं,
म्हणजे त्याच्या डोक्यातलं, जमिनीखालचं.
तालमीचा वाल साडेतीनला, कारण पैलवान थांबत नाहीत.
शाळेचा दहाच्या आत, नाहीतर पोरं
टाकीवर चढून टोपणं आत टाकतात.
कोर्टामागचा सव्वाअकरा आटे.
बारावा दिला की वाचनालयाच्या पायरीखाली
शिशाचा सांधा उलतो.

गेल्या उन्हाळ्यात नव्या पोरानं पुरता उघडला होता.
तळच्या फळीवरची गॅझेटं फुगली,
चहात विसरलेल्या बटरासारखी.
तेव्हा साहेबांनी नकाशा मागितला.
नकाशा पुरात गेलेला.
कुठल्या पुरात, ते कुणालाच नक्की सांगता येईना.

"तुम्ही काढून द्या ना," मी म्हणाले.
त्यानं माझ्याकडं बघितलं, मग तांब्याकडं,
बोट बुडवलं
आणि पायरीच्या दगडावर रेघ ओढली.
हा कळंबा. हा चढ. हितं फाटा.
ही तालीम, हा दवाखाना, हे कोर्ट,
सगळ्या थोर इमारती,
ज्यांची शैली मी वेगवेगळी लिहिली होती,
एकाच ओल्या दोरीला बांधलेल्या,
हाटाला निघालेल्या शेरडांसारख्या.

"आणि ही? ही कुठं जाते?"
"कुठंच न्हाई. कारंजं हुतं.
कारंजं काढलं.
पाणी काढायचं कुणाच्या ध्यानात न्हाई आलं."

पर्समध्ये मोबाईल सापडेपर्यंत
कळंबा वाळला होता.
मी कॅमेरा उघडला तर फाटा गेला,
मग दवाखाना.
ज्या क्रमानं त्यानं गाव काढलं
त्याच क्रमानं ते दगडात जात होतं,
आणि फोटोत आला
तो नुसता एक काळा दगड,
कडेला तांब्या, आणि एक अंगठा.

"परत काढा की."
"आता च्या," बाबालाल म्हणाला आणि उठला.
त्याचे गुडघे वाजले.
मला उगीचच वाटलं, मोजावं, किती वाजले.

टाकीसमोर मी शैली लिहिली: साधी.
सद्यःस्थिती: बरी.
वापराचा रकाना तसाच ठेवला,
संध्याकाळी लिहू म्हणून.

स्टँडकडं जाताना वाट वाकडी केली.
कारंज्याच्या जागी पार्किंग झालंय,
तासाला दहा रुपये.
दोन गाड्यांच्या मधल्या फरशीच्या फटीत
हराळी होती, बोटभर, हिरवी.
पावतीवाल्यानं विचारलं, "मॅडम, गाडी कुठली?"

मे महिना चालू होता.