दोन सूर्य

एलेओदोरो रेमोल्कोयला अक्षर कळत नाही.
भरती कळते, जाळं कळतं,
बटाट्याचा कोणता डोळा आधी फुटेल, तेही.
म्हणून त्याच्या गोळ्यांच्या खोक्यांवर मी चित्रं काढते.
सकाळच्या गोळीवर सूर्य,
रात्रीच्या गोळीवर चंद्र,
दोन्हींच्या खाली ताट,
म्हणजे जेवणाबरोबर, रिकाम्या पोटी नाही.

चिलोएच्या या शेपटाएवढ्या बेटावर
दवाखाना म्हणजे मी, दोन खोल्या, लाकडांची शेगडी
आणि प्रत्येकाला दोन किलो माफ करणारा वजनकाटा.
डॉक्टर महिन्यातून एकदा लाँचने येतो.
वारा सुटला की तेही नाही.

"ज्या दिवशी पोटात अन्न नाही
त्या दिवशी सूर्याची गोळीही नाही.
चुकली तर चुकली. दुसऱ्या दिवशी दोन घेऊन
हिशेब चुकता करायचा नाही,
हे काही वाण्याचं खातं नव्हे."
टोपी गुडघ्यावर ठेवून तो मान डोलावतो.
"आणि सफरचंदाची चिचा?"
"ती या गोळीशी भांडते."
"माझ्याशी कधी भांडली नाही."

मे महिन्यात सरकारी कंत्राट बदललं.
निळं खोकं पिवळं झालं,
गोल गोळी लांबट झाली,
आतलं औषध तेच.
मी पिवळ्यावर सूर्य काढला, ताट काढलं,
पुढच्या माणसाला हाक मारली.
बाहेर चिखलाच्या बुटांत नऊजण उभे होते.
हे कारण म्हणून सांगत नाही. होते, एवढंच.

पाचव्या दिवशी एदुविना कुंपण ओलांडून धावत आली.
बाबा शेतात बसलेत,
एवढ्या गारठ्यात सदरा घामानं चिंब,
हात थरथरताहेत,
मला आईच्या नावानं हाक मारताहेत.
शेजारी म्हणतात, प्यायलाय.

प्यायला नव्हता.
बोटाला टोचलं. एकेचाळीस.
गिळता येतंय ना, ते आधी पाहिलं,
मग कोमट पाणी, चार चमचे साखर,
"पी. अजून. पी."
ज्या साखरेसाठी दोन वर्षं त्याच्यावर डोळे वटारले
तीच मी त्याच्या ओठांना लावत होते.
पंधरा मिनिटांनी पुन्हा टोचलं,
मग उकडलेला बटाटा, पाव.
माणूस परत आला, आधी नजरेत, नंतर शब्दांत.

पण ही घसरण फसवी. वर येते, पुन्हा खाली जाते.
कास्त्रोच्या इस्पितळातून रेडिओवर आवाज आला:
लाँच सुटेपर्यंत सोडू नका, तासातासाला टोचा.
लाँच दुसऱ्या दुपारी सुटली.
रात्रभर आम्ही तिघं त्या शेगडीपाशी,
त्याची दहाही बोटं संपली,
मग पहिल्यापासून.

पहाटे कधीतरी तो म्हणाला,
"निळ्यात अठरा उरल्या होत्या. चांगलं औषध फेकायचं कसं?
आणि त्यावर सूर्य, यावरही सूर्य.
मला वाटलं, आजार वाढला असेल,
तू आता दोन सूर्य दिलेस."

अकरा वर्षांत माझं लिखाण
इतकं नीट कुणी वाचलं नव्हतं.

आता मी सगळ्यांना सांगते, घरात असेल नसेल ते घेऊन या.
पिशव्या टेबलावर उलट्या होतात:
मेलेल्या नवऱ्याच्या रक्तदाबाच्या गोळ्या,
जावेने दिलेल्या गुडघ्याच्या,
तारीख पुसलेल्या, उंदरानं कुरतडलेल्या,
एकाच औषधाची तीन-तीन नावं.
जुनं काढून घेतल्याशिवाय नवं देत नाही.
लोक कुरकुरतात. कुरकुरू देत.

एलेओदोरोचं निळं खोकं मी रिकामं केलं,
झाकणावरच्या सूर्यावर फुली मारली.
ते त्याला मुळीच आवडलं नाही.
"सूर्यावर कुणी फुली मारतं का?"
गळ ठेवायला म्हणून खोकं मागून घेतलं,
बोटाला थुंकी लावून
ती फुली पुसत बसला.

मी रक्ताची पट्टी काढली.
विचारलं, सकाळी काय खाल्लंस?