कुठनं सुरू करू

कुंभार गल्लीच्या तोंडाला माझं रद्दीचं दुकान.
दारात हुक्केऱ्यांची तेजल, क्लास बुडवून आलेली,
चप्पल काढायच्या आधीच विचारते,
"चाचा, काजळगरुड वाचायचाय. कुठनं सुरू करू?"

तीनशे बारा अंक आहेत, पोरी.
शिवाय सात दिवाळीचे,
शिवाय एक उन्हाळी जोडअंक, त्यात गरुडाचं लग्न लागतं
आणि पुढच्या महिन्यात ते कुणालाच आठवत नाही,
नवरीलासुद्धा.

पहिल्यापासून वाच, असं शहाणी माणसं सांगतात.
शहाण्यांनी पहिला अंक बघितलेला नसतो.
मी बघितलाय. त्यात गरुडाला मान नाही.
चित्रकाराला बोटं जमत नव्हती,
म्हणून सोळा पानं तो मुठी आवळून उडतो.
डगला निळा, आठव्या पानापासून जांभळा.
छापखान्यातली शाई संपली, एवढंच;
पण वाचक अजून भांडतायत
की तो जांभळा म्हणजे आईच्या मरणाचा रंग.
असेलही. शाईला तरी काय माहीत.

तिकटीवरचा उरुणकर म्हणेल, शंभराव्यापासून.
त्याच्याकडं शंभराव्याच्या नऊ प्रती पडून आहेत.
माझा भाचा म्हणेल, नवी रंगीत मालिका घे.
तिच्यात गरुडाकडं मोबाईल आहे,
आणि अर्धी गोष्ट चार्जर शोधण्यात जाते.

मी स्वतः?
नववीत नापास झालो, उद्यमनगरात फौंड्रीत लागलो
वाळू चाळायला.
जेवणाच्या सुट्टीत भडंगाच्या पुडीतनं तो निघाला,
पान नऊ ते चोवीस.
एक माणूस धुराड्यावरनं पडतोय
आणि गरुड खाली उभा राहून नुसता बघतोय.
वाचवत का नाही?
तेलकट बोटांनी मी पुडी उलटसुलट केली,
मागं कोळपलेल्या शेंगदाण्याचा डाग होता फक्त.
ते कळायला एकोणीस वर्षं गेली.
कळलं तेव्हा वाटलं, डागच बरा होता.

आता खरी अडचण ऐक.
एकोणीसच्या ऑगस्टात नदी दुकानात आली
आणि भाडं न देणाऱ्या भाडेकरूसारखी राहिली.
खालच्या फळीवर एक ते चौऱ्याहत्तर होते,
ओळीनं, डांबरगोळ्या घालून.
पाणी उतरलं तेव्हा त्यांची एक वीट झाली होती.
बायको म्हणाली, टाका आता.
मी ती गच्चीवर वाळवली, सुरीनं पानं सोडवत बसलो.
भस्मनाथाचा एक डोळा सुटून आला,
सायकलच्या जाहिरातीला चिकटलेला.
बाकी चिखल.

ही बघ भिंतीवरची रेघ.
माझ्याकडं गोष्ट आता हिच्या वरनं सुरू होते.
पंच्याहत्तर. दोघांच्या भांडणात मधेच शिरल्यासारखं वाटेल.
वाटू दे की.
तू जन्मलीस तेव्हा गाव कुणी पहिल्या पानापासून
वाचून दाखवलं होतं का?
कोण कुणाचा चुलता, कुणाचं कुणाशी बोलणं बंद,
हे पंगतीत वाढता वाढताच कळलं ना तुला?

मी पंच्याहत्तर झटकून पुढं केला.
तिनं तोवर स्टुलावर चढून
वरच्या थप्पीतनं भलताच ओढला होता.
एकशे अठ्ठ्याऐंशी.
अगं, तो नको, त्यात तर...
म्हणून मी जीभ चावली.

रद्दीच्या काट्यावरच मांडी घालून बसली.
काटा एकेचाळीस किलोवर थरथरत राहिला,
पान उलटलं की जरासा हलायचा.
"चाचा, हा टोपीवाला कोण?"
"पुढं वाच," मी म्हणालो.
खरं तर मलाही आठवत नव्हतं.