लाइटमीटर

कीथलीच्या बाजारात, भिजक्या गवतावर
ताडपत्री. तिच्यावर कार्बुरेटर, आरसे,
काच गेलेला एक हेडलॅम्प.
मी आलो होतो क्लच-केबलसाठी.
फक्त केबल, असं घरी शपथेवर सांगून.

नॉर्मन ॲकरॉइडनं तेलकट बोटांनी
बिस्किटांच्या डब्यातून मीटर काढला:
"सेलबिल लागत नाही याला. उजेडावरच जगतो."
ढगाकडे धरला. सुई हलली,
झोपलेल्या मांजराच्या कानाइतकी.

चार पौंड.
केबल राहिलीच.

गॅरेजात बीएसए उभी आहे
सहा वर्षं एकाच स्टँडवर,
टाकी सोललेली, वायरी लोंबत.
नटबोल्ट मात्र बरण्यांत, चिठ्ठ्या लावून,
लोणच्याच्या बरण्या, वास अजून मेथीचा.

शुभदा सीटवर चहा ठेवते.
"कधी सुरू होणार ही?"
मी मीटर तिच्या गालाजवळ नेतो.
"साठाला चार," म्हणतो.
"हे काय उत्तर झालं?"

नाहीच.
जाताना तिनं दार उघडंच टाकलं.
सुई चढली,
यॉर्कशरच्या उजेडाला जमेल तेवढी.
गारठा आत येत राहिला.
मी दार लावलं नाही,
बघत बसलो, हातात पाना तसाच.